विटांचं मिठागर

वडखळजवळच्या सासरी येताना भूमिकाने प्लास्टिकच्या खेळण्यातल्या विटांच्या दोन पिशव्या आणल्या. सगळे हसले. सासू हौसाने मात्र त्या विटांसाठी कपाटाचा एक कप्पा रिकामा केला.

हौसाचं अर्धं आयुष्य मिठागरात गेलं होतं. तिच्या आठवणी ऐकत भूमिकाने विटांचं मिठागर उभारलं. त्यात पांढरे ढीग होते, मातकट बांध होते आणि मधोमध मीठ ओढणारी एक बाई होती. पेणला हस्तकलेच्या प्रदर्शनात तिने ते मांडलं, तेव्हा लोक त्याचे फोटो काढू लागले.

पूर्ण झालेलं मिठागर हौसा पहिल्यांदाच वाकून बघत होती. तिने मधल्या बाईकडे बोट दाखवलं. "ही कोण गो?"

"तुम्हीच, आई."

हौसाचे डोळे भरले. "माझं काम कोणी असं मांडंल, वाटलं नव्हतं गो."

मग सुनेचा हात धरून ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागली, "ही माझी सून हाय. हिनं केलंय."