नाव न घेतलेली मूठ

भिकुबाईंनी पदर खोचला, पातेल्यातल्या गव्हात हात घातला, मूठ भरली आणि सुपात सोडली. वरून आणखी थोडे दाणे. झाली सव्वा मूठ.

"ही यासनी," त्या म्हणाल्या.

'यासनी' म्हणजे चुडामण आबांची. आबा बाहेर ओट्यावर खाटेवर बसून रेडिओची बटणं पिळत होते. लग्नाला पन्नास वर्षं होऊन गेली, पण भिकुबाईंनी नवऱ्याचं नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं. रेशनच्या दुकानातही कार्ड पुढे करायच्या आणि गप्प उभ्या राहायच्या.

"ही नवलनी. ही प्रेमराजनी." हे दोघे मुलगे. मग सुरतेच्या दोन्ही नातवांच्या. प्रेमराज, त्याची बायको आणि पोरं उद्या सकाळच्या गाडीने पारोळ्याला उतरणार होती.

नवलची बायको रूपा समोर बसून हरभऱ्याची डाळ निवडत होती. उद्या रविवारी कानबाई, खानदेशातली श्रावणातली देवी, घरात बसायची होती. या घरात रोटांचे, म्हणजे तिच्या नैवेद्याच्या जाड पोळ्यांचे, गहू असेच निघत: घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. त्याचं पीठ वेगळं दळायचं, त्याचे रोट घरच्यांनीच खायचे, परक्याला कण द्यायचा नाही आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे. वाया गेलेलं कानबाईला खपत नाही आणि भिकुबाईंना तर त्याहून खपत नाही.

मुठी संपल्या, असं समजून रूपाने पातेलं उचलायला हात पुढे केला. पण भिकुबाईंचा हात पुन्हा गव्हात गेला. मूठ भरली, सुपात आली. वरून थोडे दाणे. या खेपेला ओठ हलले, पण आवाज काही फुटला नाही. त्यांनी एकदा ओट्याकडे पाहिलं आणि सूप पाखडायला घेतलं.

रूपाने पुढे केलेला हात मागे घेतला.

"काय देखस व?" भिकुबाई म्हणाल्या. "डाळ निवड. झुलालनी चक्की धुई ठेयेल शे. केस ओलाच ठेव, सोवळामा लई जाय."

रूपाने डाळीत मान घातली. तिला डाळ दिसेना आणि खडेही दिसेनात. बिननावाची मूठ. जो अजून जन्मला नाही, त्याचंच नाव घेता येत नाही. दुसरं कुणाचं असणार? म्हणजे सासूबाईंना, अक्कांना, कळलं होतं. बाई गं, कळलं होतं!

चौतिसाव्या वर्षी लग्न होऊन रूपा या घरात आली, तेव्हापासून लोकांनी तिला सल्ले आहेरासारखे दिले होते, आणि आहेरासारखेच ते कुणी परत घेत नव्हतं. सुमनबाई शेजारीण उंबराला फेऱ्या घालायला सांगे. शाळेतल्या बाया शिक्षकांच्या खोलीत आपापल्या पोरांच्या मार्कांविषयी बोलत आणि रूपा आली की एकदम हवापाण्यावर येत. मग जळगावचा दवाखाना सुरू झाला. एसटीने जायचं, तपासण्या करायच्या, सुया टोचून घ्यायच्या, शाळेत 'ट्रेनिंग आहे' म्हणून सांगायचं. दोनदा गर्भ आत सोडला, पण राहिला नाही. आता बेचाळिसावं लागलं होतं आणि गोठवून ठेवलेला एकच गर्भ शिल्लक होता. तोही मागच्या आठवड्यात आत सोडला. डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. त्यांनी हातावर हात ठेवून सांगितलं होतं की पुढच्या वेळी तुमचं स्वतःचं बीज मिळेल असं धरून चालू नका. मंगळवारी रक्त द्यायचं, की झालं कळलं.

हे रूपाला ठाऊक आणि नवलला. तिसऱ्या कानाला नाही. तिने नवलला कानबाईचीच शपथ घातली होती.

गव्हाचं पितळी भांडं पदराखाली धरून ती चालत निघाली. गाडीवर बसायचं तिने सोडलं होतं. पारोळ्याच्या रस्त्यांवरचे खड्डे म्हणजे काय सांगावं. झुलालने पाटी लावली होती, 'आज फक्त रोट'. रांगेतल्या बाया आपापल्या भांड्यावर हात ठेवून उभ्या होत्या. रूपानेही ठेवला. तळहाताखाली गहू गार लागत होते. यातले कुठले त्याचे? वरचे असतील, ती मूठ शेवटी पडली होती. मग झुलालने भांडं तोंडाशी ओतलं, आणि सगळे एकात एक गेले.

येताना ती घरी जायच्या ऐवजी नवलच्या दुकानाकडे वळली. नवल मोटारी भरून द्यायचा. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींच्या पोटातली काळी पडलेली तार काढायची आणि नवी तांब्याची गुंडाळून बसवायची. तो आता तेच करत होता.

"तू अक्कांना सांगितलंस."

"काय सांगितलं?"

"नवल, मी डोळ्यांनी बघितलं. त्यांनी एक मूठ जास्तीची टाकली. बिननावाची."

नवलने तारेचा वेढा अंगठ्याखाली दाबून धरला. "तुझी शप्पथ, मी चकार शब्द नाही काढलेला. आईला मी भाजी काय केली हेसुद्धा विचारत नाही, हे कशाला सांगू?"

"मग त्यांना काय स्वप्न पडलं?"

"पडलं असेल. टाकली तर टाकली ना. चांगलंच आहे की, शकुन समज."

"शकुन!" रूपाचा आवाज चढला. पलीकडच्या पंक्चरवाल्याने मान वळवली, तशी ती खाली आली. "आणि मंगळवारी नाही म्हणाले तर? ते पीठ आपल्यालाच खायचंय, नवल. टाकता येत नाही, कुणाला देता येत नाही. नसलेल्या पोराचा वाटा मी पौर्णिमेपर्यंत रोज ताटात घेऊन बसू?"

नवल वाईट माणूस नव्हता; बोलायचं कळलं नाही की हाताला काम द्यायचं, एवढीच त्याची रीत होती. त्याने आणखी एक वेढा घातला. मग उठला, माठातलं पाणी आणून तिच्यापुढे धरलं.

"बैस थोडी. उन्हात चालत आलीस."

"नको. पीठ खाली ठेवायचं नाही," रूपा म्हणाली आणि चालू लागली. पाणी प्यायला हवं होतं, हे तिला कोपऱ्यावर गेल्यावर आठवलं.

संध्याकाळभर तिचा पाय एका जागी ठरेना. कानबाईच्या चौरंगाला केळीचे खांब बांधले, ते सोडून पुन्हा बांधले. नारळावर बसवायचे डोळे आणि नथ घासून लखलखीत केली. कुठे काही दुखलं की वाटे, हे चांगलं. नाही दुखलं की वाटे, मग गेलं. भिकुबाई एकदा म्हणाल्या, "बस ना व जराशी." पण त्यांच्या बसायला सांगण्याचाही तिला आता राग येत होता. नातू बसवायचाय ना मांडीवर, म्हणून ही माया! एवढी वर्षं कुठे होती?

रविवारी सकाळी न्हाणीघरात तिला लाल दिसलं.

पुसट नव्हतं. तिने पाणी ओतलं, पुन्हा बघितलं. मग बादली पालथी घालून तिच्यावर बसली आणि नळ सोडून ठेवला, म्हणजे बाहेर काही ऐकू जाऊ नये. ऐकू जाण्यासारखं काही नव्हतंच. रडू आलंच नाही. थोड्या वेळाने तिने दवाखान्यात फोन लावला. सिस्टर म्हणाली, "मॅडम, कधी कधी थोडं जातं. औषधं बंद करू नका, मंगळवारी या." थोडं किती, हे रूपाने विचारलं नाही. आपलं अंग आपल्याला कळतं.

बाहेर ओट्यावर आबा रेडिओ लावून बसले होते. प्रेमराजचा फोन येऊन गेला होता, धुळं सोडलं म्हणून. आता घर भरणार, आणि मोठी सून म्हणून रूपाला कानबाईची ओटी भरायची होती. अडचण आली म्हटल्यावर बाजूला बसायचं. बाजूला बसलं की सगळ्यांना कळणार. आणि त्या मुठीचं काय झालं, ते एकट्या अक्कांना कळणार.

ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर येऊन उभी राहिली. भिकुबाई परातीत रोटांचं पीठ घेऊन बसल्या होत्या.

"ये ना घरमा. पानी वत."

"मला शिवायचं नाही, अक्का."

भिकुबाईंचा हात पिठात थांबला. त्यांनी वर पाहिलं. रूपाने ठरवलं होतं की एवढंच बोलायचं आणि मागच्या खोलीत जायचं. पण तोंडातून निघून गेलं.

"तुमची मूठ वाया गेली. कशाला टाकलीत? मी सांगितलं होतं का? मी काही बोलले होते का तुम्हाला? बाळाची मूठ टाकायची एवढी घाई होती, तर मला एका शब्दाने विचारायचं तरी!"

"कोन्ता बाळनी?"

"आता मला नका…"

"कोन्ता बाळनी मूठ व?" भिकुबाई खरंच बुचकळ्यात पडल्या होत्या. मग त्यांना उमगलं असावं. त्यांनी पीठ लागलेला हात परातीच्या काठावर पुसला. "तुन्ही व्हती ती."

रूपा उंबऱ्याजवळ सरकली.

"माझी?"

"हळू बोल. ते बाहेर शेतस." भिकुबाईंनी ओट्याकडे मानेने दाखवलं. "कचराना डबामा सुया ऱ्हातीस, त्या काय यासन्या शेतस का? माले ठाऊक शे बठ्ठं. किती टोची घेस, एकटी येस, एकटी जास. मी रोज देखस. मी म्हनं, इतलं करस ही या घरसाठे, आनि कानबाईना पीठमा हिनी मूठभर जागा नही." त्या थांबल्या. एवढं एका दमात बोलायची त्यांना सवय नव्हती. "पोर व्हई तवय तेनी टाकसूत. पोरगी व्हयनी तं तिनी बी टाकसूत. ती मूठ तुन्ही शे. वाया कशी जाई?"

आता मात्र रूपाला रडू फुटलं. ते जे फुटलं, ते थांबेचना. ती चौकटीला धरून उभी होती आणि तोंडात पदराचा बोळा कोंबत होती. भिकुबाई जागच्या हलल्या नाहीत; पिठाच्या हातांनी शिवायचं कसं, असा त्यांना प्रश्न पडला असावा. त्या नुसत्या बघत राहिल्या, आणि त्यांचेही डोळे भरून आले.

जरा वेळाने रूपाने नाक पुसलं.

"आणि तुमची, अक्का?"

"मन्ही काय?"

"तुमची मूठ. कधी टाकली होती?"

भिकुबाई हसल्या. कुणी पोरासोरांचं काहीतरी विचारावं, तसं हसल्या. "मन्ही कोन टाकी? मन्ही सासू?" मग हसू ओसरलं. "नही पडनी कधी."

उरलेल्या गव्हाचं पातेलं कोपऱ्यात झाकून ठेवलं होतं. रूपाने त्याच्याकडे पाहिलं. मग उंबऱ्याकडे. या दिवसांत तो उंबरा ती कधी ओलांडत नसे, आणि कानबाईच्या दिवशी तर देवाचं नाव घ्या.

भिकुबाईंनी तिच्याकडे पाहिलं, पातेल्याकडे पाहिलं. वर्षानुवर्षं चक्की धुतल्याशिवाय दाणा न घालणारी ती बाई गुडघ्यावर हात देऊन उठली, तिने ओट्याकडचं दार ओढून घेतलं, आणि दाराला पाठ लावून उभी राहिली. नको म्हणाली नाही.

रूपा आत आली. झाकण काढलं. मूठ भरली, आणि वरून थोडे दाणे.

"ही अक्कांची," ती म्हणाली.

झुलालची चक्की आज बंद होती. तिने फळीवरून मिक्सरचं छोटं भांडं काढलं, धुतलं, पदराने कोरडं केलं, गहू आत टाकले आणि बटण फिरवलं. घर दणाणून गेलं.

"काय वाटी ऱ्हायनात व?" बाहेरून आबा ओरडले.

"चटनी," भिकुबाई म्हणाल्या.