तिघांचा विमा

मी स्टेपनी बोलतेय. डिकीत चटईखाली झोपवलेलं पाचवं चाक. माझ्या चार बहिणी गावभर उंडारायच्या आणि मी अंधारात त्यांचा आवाज ऐकत पडून असायची. एकदा तरी आपणही रस्त्याला लागावं, असं फार वाटायचं. पण त्यासाठी एखादी बहीण पंक्चर व्हायला हवी! म्हणून ती इच्छा मनातच ठेवायची.

आमची मालकीण नर्सताई. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन जखमा धुवायच्या, पट्ट्या बदलायच्या, हे तिचं काम. गाडी आल्यापासून ती टेकडीपलीकडच्या आजोबांकडेही जायला लागली. जाताना गुणगुणायची, अगदी बेसूर. मला ते जीव की प्राण होतं.

गाडीचा विमा तिच्या भावानं काढला. "थर्ड पार्टी केलाय गं. कायद्याला तेवढा पुरतो."

ताईनं आपल्या परीनं अर्थ लावला. "म्हणजे मी, गाडी आणि समोरचा. तिघांचा झाला की!"

भाऊ तेवढ्यात फोनवर दुसऱ्याच कुणाशी बोलायला लागला होता. त्यानं नुसती मान हलवली. विमाही माझ्यासारखाच, असावा म्हणून असलेला. वेळ येईपर्यंत कुणी बघत नाही.

एका सकाळी चौकात एक गाडी सिग्नल तोडून आली आणि आमच्या तोंडावर आदळली. ताईचं मुक्या मारावर निभावलं, पण इंजिनाचा चुराडा झाला.

गॅरेजमध्ये ताई निर्धास्त होती. "विमा आहे ना, तिघांचा."

मिस्त्रीनं हातातला पाना खाली ठेवला. "ताई, थर्ड पार्टी म्हणजे तिऱ्हाईत. तुमच्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान केलं, तर त्याला मिळतं. तुमच्या गाडीला काही नाही."

"मग याच्या विम्यातून मिळेल. याच्यासाठी मीच तिऱ्हाईत ना?"

धडकवणारा तिथंच उभा होता, मान खाली घालून. "माझा संपलाय, ताई. भरायचा राहूनच गेला."

"घ्या! उघड्यापाशी नागडं गेलं आणि रात्रभर हिवानं मेलं," मिस्त्री म्हणाला. "कोर्टात जाता येईल. पण मिळेल तेव्हा खरं."

"आणि आजोबांची पट्टी?" ताईनं विचारलं. मिस्त्रीनं पाना पुन्हा उचलला.

गाडी भंगारात गेली. मी कोरी, म्हणून मिस्त्रीनं मला काढून भिंतीला टेकवलं. ताई सामान न्यायला आली, पण तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. तिला हाक मारावी म्हणून जीव नुसता तळमळला.

पुढे एका गृहस्थानं मला विकत घेतलं आणि गाडीच्या पुढच्या बाजूला बसवलं. अखेर रस्ता मिळाला. खडी, ऊन, चिखल, सगळं मिळालं. फक्त गाडी ताईची नव्हती.

काल त्याची बायको विचारत होती, "अहो, विम्याचं काय केलंत?"

"बघू गं. मी काय रोज धडकतोय?"

तो तिच्याकडे बघून बोलत होता आणि समोर रस्ता ओलांडत होती आमची ताई. पायीच, टेकडीच्या दिशेनं.

बायको किंचाळली. त्यानं करकचून ब्रेक दाबला. मी सगळा जीव एकवटून रस्ता धरला आणि तिच्यापासून हातभर अंतरावर थांबले.

"डोळे फुटले का हो?" ताई ओरडली आणि झपाझप निघून गेली. मी तिचीच होते, हे तिला कसं कळणार?

गृहस्थानं घाम पुसला. "वाचलो बुवा," म्हणाला आणि विम्याचं बोलणं तिथंच राहिलं.

मंडळी, तुमच्या विम्यात समोरचा आहे का आणि तुम्ही आहात का, एवढं एकदा बघून घ्या. रस्त्यावर कुणाची तरी ताई चालत असते. मी जिवाच्या आकांतानं थांबेन हो, पण मी नुसतं एक चाक आहे.