हिवाळी पौर्णिमेची वाफ

गावात एक जुनी समजूत होती. हिवाळ्यातल्या पौर्णिमेला चंद्राकडे तोंड करून खरं बोललं, तर तोंडातली वाफ सरळ वर जाते; खोटं बोललं, तर हनुवटीवरून खाली घसरते. बरणीतली बिस्किटं कुणी संपवली हे विचारायला आया पोरांना त्याच संध्याकाळी दारात उभं करत. निवडणूकही याच दिवसांत येई, म्हणून उमेदवारांची शेवटची सभा पौर्णिमेला, दिवेलागणीच्या सुमाराला नगरभवनाच्या पायऱ्यांवर होत असे. वाफेवर विश्वास आहे असं कुणी कबूल करत नसे. बघायला मात्र झाडून सगळे येत.

नगराध्यक्षांना अख्खं गाव वहिनी म्हणायचं. खरा दीर एकच. प्रचाराचं सगळं तोच बघायचा.

शेवटच्या सभेच्या दुपारी, दुरुस्तीला काढलेल्या पुलाच्या इंजिनिअर बाई कार्यालयात येऊन सांगून गेल्या: मधल्या खांबाला पाण्याखाली तडा आहे, हा हिवाळा पूल उघडता येणार नाही. पूल बंद म्हणजे पलीकडच्या मोठ्या दवाखान्याला जायला नदीला लांबलचक वळसा. आणि वहिनी तर सभेसभेत सांगत होत्या की पूल याच महिन्यात उघडेल.

“रविवारी मतदान आहे,” दीर म्हणाला. “सोमवारी सांगू. पाण्याखालचा तडा कुठं पळून चाललाय?”

वहिनींनी नुसता गालाला हात लावला. त्यांची दाढ आठवडाभर ठणकत होती.

“ती तरी दाखवून या.”

“भावजी, निवडणुकीच्या तोंडावर त्यांच्या हातात पकड देऊ?”

गावात दातांचा डॉक्टर एकच होता, आणि नेमका तोच त्यांच्या विरोधात उभा होता.

संध्याकाळी डॉक्टर आधी बोलले. चंद्र छपरांच्या वर आला होता. मफलर सारखा करून ते गरजले, “पूल या हिवाळ्यात उघडत नाही! माझे शब्द लक्षात ठेवा!”

तेवढ्यात नदीवरून वारा सुटला. डॉक्टरांची वाफ हनुवटीवरून घसरून थेट मफलरात शिरली.

“घसरली! घसरली!”

“डॉक्टर, आधी स्वतःची जीभ उपटा!”

चौकभर हशा पिकला. डॉक्टर लालबुंद होऊन खाली उतरले. दिराच्या जिवात जीव आला. निवडणूक खिशात होती. तो वहिनींच्या कानाशी लागला, “रस्त्यावरच्या दिव्यांबद्दल बोला आणि खाली या. बाकी काही नको.”

वहिनी पायऱ्या चढल्या. वारा पडला होता. त्यांनी तोंड उघडलं आणि पांढरी वाफ दोरी ओढल्यासारखी सरळ वर गेली. टाळ्या पडल्या. त्यांनी हात वर करून त्या थांबवल्या.

“डॉक्टर बोलले ते खरं आहे. पूल या हिवाळ्यात उघडणार नाही. मधल्या खांबाला तडा आहे, मला आज दुपारी कळलं.”

मग पुढच्या रांगेतली पाववाली म्हणाली, “मग त्यांची वाफ खाली कशी गेली गं, वहिनी?”

“वारा होता, मावशी. माझ्या नशिबाने आता पडलाय. चंद्राला पुलातलं काय कळतं? उद्या सकाळी पुलाशी या, इंजिनिअर बाई फोटो दाखवतील.”

“आणि तुम्ही याच महिन्यात उघडणार म्हणत होतात ते?” मागून कुणीतरी ओरडलं.

“ते माझं चुकलं. खांब पाण्याखालून तपासून व्हायच्या आधीच मी महिना सांगत सुटले.”

दीर आधी चरफडला. मग त्याचं चरफडणं आपोआप थांबलं. पकडले गेल्यावर खरं बोलणारे त्याने पुष्कळ पाहिले होते. जिंकत असताना खरं बोलणारं माणूस तो पहिल्यांदाच बघत होता, आणि ते त्याच्या घरातलं होतं.

रविवारी वहिनी हरल्या. फार मतांनी नाही, पण हरल्या.

सोमवारी सकाळी दीर त्यांना डॉक्टरांच्या दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरांनी खुर्ची मागे कलती केली, दिवा ओढून दाढेवर धरला.

“दुखेल का?” वहिनींनी विचारलं.

“दुखेल. सडलीय.”

“बरं झालं सांगितलंत.”

डॉक्टरांनी उचललेली पकड परत ट्रेमध्ये ठेवली. “वहिनी, मला तड्याचं काही ठाऊक नव्हतं हो. तुम्हाला खिंडीत गाठायला ठोकून दिलं होतं.”

वहिनी दाढ विसरून हसल्या. “म्हणजे वाफ बरोबरच होती की!”

कोपऱ्यातल्या बाकावर दिराला हसू आवरेना. डॉक्टर मात्र हसले नाहीत. “उद्यापासून लोक मला विचारणार. पुलाचं काय सांगू त्यांना?”

“इंजिनिअर बाई सांगतील ते. त्यांनाही माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा. आणि वारा कुठून येतोय ते बघत बसू नका,” वहिनी म्हणाल्या, आणि त्यांनी आ केला.