कॉफीचा आवाज

सेतुराम दुपारी झोपला, की घाबरूनच उठे. छाती धडधडत असे, बनियन घामानं भिजलेला असे आणि घरात कुठं काही वाजत नसे. मग तो छातीवर हात ठेवून बसे आणि स्वतःची समजूत घाली, की काही झालेलं नाही. काळजाला ते पटायला बराच वेळ लागे.

पाटबंधारे खात्यात त्याची अख्खी नोकरी गेली. कावेरीला पूर आला की बाकीचे लोक देव पाण्यात घालून बसत, आणि हा छत्री घेऊन बांधावर उभा. असला माणूस आता दुपारच्या झोपेला भिऊ लागला होता. हे सांगायचं कुणाला? निदान सुनेला तरी नाही, असं त्यानं ठरवून टाकलं होतं.

त्याला कारणही होतं. मुलगा वेंकटेश मस्कतला. मराठ्यांच्या जुन्या राजवाड्यामागच्या गल्लीतल्या घरात सासरा आणि सून जननी, अशी दोघंच. गावात त्या सुमारास कॉम्प्युटर शिकवणाऱ्या क्लासांचं पेव फुटलं होतं. त्यातल्या एकात जननीला शिकवायची नोकरी लागली होती आणि सोमवारी रुजू व्हायचं होतं. पोरगी इतकी खुशीत होती, की भात वाढतानाही गुणगुणायची. पण तिनं एक अट स्वतःच घालून घेतली होती.

"मामंजी, तुमची छाती पुन्हा तशी धडधडली, तर मी जाणार नाही. घरींच राहीन."

कारण एकदा तिनं त्याला तसं बसलेलं पाहिलं होतं. लगेच डॉक्टरकडे नेलं, छातीच्या ठोक्यांचा आलेख काढून घेतला. डॉक्टर म्हणाले, हृदय खणखणीत आहे, फक्त झोप मोडू देऊ नका.

झालं! जननीनं ते शब्द गाठीला बांधले. गळक्या नळाखाली फडकं आलं. टकटकणारं घड्याळ भिंतीवरून उतरून कपाटात गेलं. शेजारच्या गंगाबाईंना दुपारी रेडिओ लावू नका म्हणून विनवून झालं. स्वतःची कॉफीसुद्धा ती मागच्या अंगणात उभ्यानं, चोरून प्यावी तशी पिऊ लागली. आणि घर जितकं शांत होत गेलं, तितका सेतुराम जास्त घाबरून उठू लागला. रोज तो सांगे, "झकास झोप लागली," आणि रोज ती सुखावे. एकमेकांवरच्या मायेपायी दोघं एकमेकांना फसवत होती, दुसरं काय!

शुक्रवारी मात्र बिंग फुटलं. तो झोपेतून दचकून उठला तो थेट स्वयंपाकघराकडे धावला आणि ओरडला, "भामा!"

भामा म्हणजे त्याची बायको. तिला जाऊन वर्ष होत आलं होतं.

जननी अंगणातून पळत आली. सासरा रिकाम्या चुलीसमोर उभा होता. तिनं त्याला धरून बसवलं, पदरानं घाम पुसला आणि म्हणाली, "सोमवारी मज जायचं नाही."

"जायचं, गे." सेतुरामानं तिचा हात धरला. "माझं काळीज बिघडलं नाही. ऐक. निजलेल्याला हाक मारूं नये, हालवूं नये, अशी आपल्या घरची रीत. तुझी सासू मज कधीं हाक मारली नाही. उशाशीं बसायची आणि काफी निववायची. टंबलरातून डवऱ्यांत, डवऱ्यांतून टंबलरांत. त्या आवाजानं मी उठायचों."

जननी त्याच्याजवळ खाली बसली.

"त्या दिवशीं आवाज झाला नाही. मी निजूनच राहिलों. उठलों तर संध्याकाळ. काफीचं डिकॉक्शन उतरून थंड झालेलं, दोन टंबलर मांडलेले, आणि ती भिंतीला टेकून..." त्यानं भिंतीकडे बोट केलं. "तेव्हांपासून घर गप्प असलं, की मज वाटतं, आजही तेंच झालं."

"अय्यो, मामंजी!" जननीच्या डोळ्यांत पाणी आणि ओठांवर हसू एकदमच आलं. "आणि मी नळसुद्धां गप्प केला!"

शनिवारी ती त्याच्या उशाशी बसली. हात उंच नेऊन पितळी टंबलरातून कॉफीची धार डवऱ्याच्या पसरट वाटीत सोडली. सवय नव्हती, निम्मी धार उशीवर गेली. पण तो आवाज झाला. सेतुरामानं सावकाश डोळे उघडले. छाती शांत होती. ओठांवर आलेलं नाव त्यानं गिळलं आणि म्हणाला, "काफी उशीला पाजूं नकोस, गे." जननी इतकी हसली, की उरलेलीही सांडली.

सोमवारी ती कामाला गेली. दुपारी परतली ती घसा बसवून, पाय ओढत. "थोडी पडतें," म्हणाली आणि चटईवर पडल्या पडल्या झोपली.

सेतुराम त्या दिवशी आडवा झालाच नव्हता. त्यानं डिकॉक्शन पाडलं, दूध तापवलं, आणि टंबलर-डवरा घेऊन सुनेच्या उशाशी बसला. आवाज करायचा, तर आपण जागं राहायला हवं, एवढी साधी गोष्ट त्याला आत्ता कळत होती. इतकी वर्षं भामा रोज दुपारी जागी असायची. ती कधी झोपायची? दमून पडली, तर तिच्या उशाशी कोण बसायचं? त्यानं कधी विचारलंच नव्हतं. त्याला फार वाईट वाटलं, आणि भामाची फार आठवण आली.

त्यानं हात उंच केला. थेंबही न सांडता धार खाली उतरली.

जननीनं डोळे उघडले. "मामंजी, तुम्ही निजलां नाही?"

"मी पुष्कळ निजलों, अम्मा," सेतुराम म्हणाला. "आतां माझी पाळी."