मागचा पुठ्ठा

सोमनाथ खैरनार गंगापूर रोडवरच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक होता. जुने व्हॉल्व्हचे रेडिओ जमवायचा त्याला नाद होता. १९९८ सालापर्यंत चौदा जमले होते, त्यातले अकरा वाजत होते. व्हॉल्व्ह बाजारात मिळेनासे झाले होते, म्हणून तो खेडोपाडी फिरून बंद पडलेले रेडिओ आणायचा आणि एकाचे भाग दुसऱ्याला बसवायचा.

नामपूरच्या देवरामकडून असाच एक आणला. माळ्यावर पडून पडून त्याच्या खोक्याला वाळवी लागली होती. सोमनाथने व्हॉल्व्ह आणि स्पीकर काढून घेतले, उरलेलं भंगारात दिलं.

दोन महिन्यांनी एका रविवारी दारात एक म्हातारी उभी राहिली. तिच्या हातात सोमनाथने देवरामला लिहून दिलेला पत्ता होता.

"मी देवरामची आई, लंकाबाई. तो रेडिओ शे ना अजून?"

सोमनाथच्या बायकोने, योगिनीने, तिला बसवून पाणी दिलं.

"रेडिओ नको मला," लंकाबाई म्हणाली. "त्याचा मागचा पुठ्ठा द्या. मी सटाण्याला गेले व्हते, तेव्हा देवरामनं देऊन टाकला. त्याला ठाव नाय. तो रांगत व्हता तव्हाची गोष्ट."

तिची थोरली मुलगी भागी तेव्हा पहिलीत होती. स्वतःचं नाव लिहायला शिकली, पण भिंतीवर लिहिलं तर बाप रागावेल म्हणून तिने ते रेडिओच्या मागे पेनाने लिहिलं. त्याच साली ती तापाने गेली.

"फोटो नाय काढला कधी. तिच्या हातचं तेवढंच शे."

सोमनाथला ते नाव आठवलं. कुणा मेकॅनिकची खूण असेल, असं समजून त्याने ते सोडून दिलं होतं.

"शोधावं लागेल," तो म्हणाला. "पुढच्या रविवारी मीच घेऊन येतो."

ती निघून गेल्यावर तो तडक भंगारवाल्याकडे गेला. पुठ्ठे दिले त्याच आठवड्यात रद्दीत पुढे गेले होते.

गुरुवारी त्याने दुसऱ्या एका रेडिओचा पुठ्ठा सोडवला आणि पेन हातात घेतलं. योगिनी दारातून बघत होती.

"तिला वाचता येत नाही," तो म्हणाला.

"म्हणून?"

त्याने डाव्या हाताने, लहान मुलासारखं वेडंवाकडं, 'भागी' लिहिलं.

नामपूरला लंकाबाई ओट्यावर त्याची वाटच बघत होती. तिने पदराला हात पुसले आणि पुठ्ठा मांडीवर घेतला. अक्षरांवरून बोट फिरवायला लागली, तसं सोमनाथला बघवेना.

"मावशी, हे तिचं नाही. मी लिहिलंय. तिचं मी भंगारात दिलं. मला माहीत नव्हतं."

तिने पुठ्ठा बाजूला ठेवला. देवरामची बायको चहा ठेवून आत गेली. चहावर साय धरली.

मग लंकाबाईने विचारलं, "तू पाहिलं व्हतं का ते?"

"हो."

"कसं व्हतं?"

"पहिलं अक्षर मोठं होतं. दुसरं खाली घसरलं होतं. आणि वेलांटी पार कडेला गेली होती. जागाच पुरली नव्हती."

"हां," ती म्हणाली. "जागा नव्हती पुरली." तिने तोंडाला पदर लावला. मग म्हणाली, "चहा पी आणि जा. बस निघंल."

पुठ्ठा तिने परत दिला नाही, आणि त्यानेही तो मागितला नाही.

त्यानंतर सोमनाथ कुठलाही रेडिओ उचलण्याआधी घरातल्या सगळ्या माणसांना विचारायला लागला. म्हातारी माणसं शेतात असली, तर ती येईपर्यंत थांबायचा. त्यामुळे बरेच रेडिओ हातचे गेले. लंकाबाईला भेटायला म्हणून तो पुढे दोनदा नामपूरच्या बसमध्ये बसला, पण दोन्ही वेळा वाटेत सटाण्यालाच उतरला.