माझ्या अक्षरातला पगार

कोर्टाबाहेरच्या बाकावर मी सकाळपासून चौथ्यांदा जागा बदलली. नाव पुकारलं की आत जायचं, एवढंच काम होतं, पण एका जागी बूड टेकत नव्हतं. वकीलबाई म्हणाल्या, पाणी प्या. पाणी कसलं पिते, मी परत उठून उभी राहिले.

माझ्या मुलीच्या, चिमीच्या खर्चाचं गणित त्यांनी मला दहादा समजावलं होतं. आईची कमाई किती, बापाची किती, लेकराला लागतं किती, आणि त्यातला कोणाचा वाटा किती. गणिताबद्दल माझी तक्रार नव्हती. गोम होती पगारपत्रकांत. चिमीचा बाप छापखान्यात मशीनवर आणि मी तिथेच हिशेबाच्या टेबलावर. मालक अर्धा पगार कागदावर दाखवायचे, अर्धा पाकिटातून द्यायचे, सगळ्यांनाच, मलाही. त्या अर्ध्या पगाराची पत्रकं दर महिन्याला लिहायची कोण? मी. अक्षर सुवाच्य ना माझं! संसार चालू होता तेव्हा कर वाचला म्हणून आम्ही दोघं खूश व्हायचो. आता तीच छत्तीस पत्रकं त्याने कोर्टात लावली होती. त्या हिशेबाने चिमीच्या वाट्याला जेमतेम वह्यांचे पैसे येत होते आणि जूनमध्ये फी भरता न आल्याने तिची शाळा सुटणार होती.

पाकिटाचा विषय काढू नका, असं वकीलबाईंनी बजावलं होतं. सही तुमची आहे, नोकरी जाईल, वर अंगाशी येईल ते वेगळंच. त्यांचं काही चुकत नव्हतं, म्हणून तर मला बसवत नव्हतं.

पुकारा झाला. न्यायाधीशबाईंनी पत्रकं चाळली आणि इतके नीटनेटके कागद क्वचित बघायला मिळतात, असं कौतुकही केलं. समोर तो निवांत नखं बघत उभा होता. ही मूग गिळून बसणार, याची त्याला पक्की खात्री होती. भीती होतीच, पण त्या खात्रीचा मला जास्त राग आला.

"ही पत्रकं तुम्हाला मान्य आहेत?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

वकीलबाईंनी माझं कोपर दाबलं.

"अक्षर माझं आहे, आकडे खोटे आहेत," मी म्हणाले. "पगार दुप्पट आहे. त्याचाही, माझाही. खरं रजिस्टर मालकांच्या कपाटात आहे, तेही मीच लिहिलंय."

त्याने मान वर केली. "अगं, तुझी नोकरी जाईल," तो म्हणाला, अगदी पूर्वी घरात बोलायचा तसा. क्षणभर माझे डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू.

न्यायाधीशबाईंनी लेखनिकाला थांबवलं. या कबुलीचे परिणाम सावकाश समजावले आणि मग विचारलं, तुमची कमाई किती धरायची?

"आजपासून माझ्यापुढे शून्य लिहा," मी म्हणाले. "त्याच्यापुढे तेवढं खरं लिहा."