एकोणिसाव्या पानावरची घंटा

मी एक जुना कागद आहे. गोष्टीच्या एका पुस्तकातलं एकोणिसावं पान म्हणजे मी. मित्रांनो, पुस्तकाची कहाणी सगळेच ऐकतात, पण एकट्या पानाला कोण विचारतं? त्यातून मी तर भीतीचं पान. माझ्यावर अस्वलाचं पिल्लू कड्यावरून पडतं आहे आणि खाली नुसता काळा रंग आहे. छापखान्यात तो रंग अंगावर चढला, तेव्हा मला स्वतःलाच धडकी भरली होती.

अकरा वर्षं मी दुसरीच्या वर्गातल्या कपाटात आहे. बाई वाचू लागल्या की मुलं सरकत सरकत पुढे येतात आणि माझी पाळी आली की मागे सरकतात. कोणी डोळे झाकून बोटांच्या फटीतून बघतं, कोणी उगाच मोठ्याने हसतं. एकाने तर पिल्लाला धरायला पेन्सिलीने दोरी काढून दिली आहे. बाई लगेच पान उलटतात आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो.

त्या सोमवारी मात्र नेमकी माझ्यापाशीच घंटा झाली. "राहिलेलं उद्या," म्हणत बाईंनी पुस्तक मिटलं. दुसऱ्या दिवशी त्यांना ताप भरला आणि चार दिवस त्या आल्याच नाहीत.

पहिल्या बाकावर टिकली बसायची. वर्गात सगळ्यांत लहान, म्हणून हे नाव. रोज मधल्या सुट्टीत ती कपाट उघडायची, माझ्यापर्यंत यायची आणि थबकायची. तिची बोटं गार पडलेली असत. पुढे उलटायचा तिला धीरच होईना. शुक्रवारी तिने डिंकाची बाटली आणली, पिल्लावर भरपूर डिंक ओतला आणि मला अठराव्या पानावर दाबून धरलं.

"आता पडू नकोस हं," ती पुटपुटली.

मित्रांनो, काय तो अंधार! माझा श्वास कोंडला. तेवढ्यात मोठ्या बाईंचा आवाज आला, "फाटकी, चिकटलेली पुस्तकं उद्या रद्दीत काढा." माझ्या एकट्यापायी सगळं पुस्तक रद्दीत जाणार, या विचाराने माझी गाळण उडाली.

शनिवारी बाई आल्या. पुस्तक हातात घेताच त्यांना कळलं.

"हे कुणी केलं?"

टिकली उभी राहिली. "मी. ते पडत होतं. आणि तुम्ही आलाच नाहीत, बाई!"

बाई म्हणाल्या, "चुकलं गं माझं." त्यांनी तिला जवळ बसवलं आणि ओल्या फडक्याने मला हळूहळू सोडवू लागल्या. शेवटी व्हायचं तेच झालं. पिल्लू होतं तिथेच मी फाटलो.

"मेलं ते!" टिकली किंचाळली.

"भोकातून बघ बरं."

तिने डोळा लावला. पलीकडे, एकविसाव्या पानावर, पिल्लू झुडपात अडकलं होतं आणि आई त्याला मानेशी धरून वर ओढत होती.

"आई इथे होती?"

"केव्हाची."

बाईंनी ते भोक तसंच ठेवून पुस्तक पुन्हा कपाटात ठेवलं, म्हणून रद्दीतून मी वाचलो. पण अजूनही घंटा वाजली की मी शहारतो. मित्रांनो, आम्हाला डिंक लावू नका, हे तर आहेच. पण तुमच्या घरच्या मोठ्या माणसांना माझं एवढं सांगा: भीतीच्या पानावर पुस्तक मिटू नका. घंटा होऊ दे, एक पान उलटा. टिकलीने चार दिवस ते पिल्लू एकटीने धरून ठेवलं होतं.